दीड वर्षांचा उपसर्ग



इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांच्या शेवटी बहुधा एक परिशिष्ट असते. सारख्या दिसणाऱ्या, सारख्या ऐकू येणाऱ्या आणि म्हणून हमखास चुकणाऱ्या शब्दांच्या जोड्या त्यात एकाखाली एक मांडलेल्या असतात. मुले त्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि निकाल लागला की विसरतात. आजच्या व्याख्यानाचा विषय ते परिशिष्टच आहे, हे ऐकून काही श्रोत्यांची निराशा होईल. पण त्या यादीला एक सोपी चाळणी लावून पाहू. यादीतला प्रत्येक शब्द देवनागरीत लिहून काढायचा. मुख्याध्यापक हा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व हेही ‘प्रिन्सिपल’. उभी असलेली गाडी ‘स्टेशनरी’ आणि वह्या-पेन्सिलीही ‘स्टेशनरी’. स्तुती ती ‘कॉम्प्लिमेंट’ आणि पूरक तेही ‘कॉम्प्लिमेंट’. देवनागरीत आल्याबरोबर जोडीतले दोन शब्द एक होतात, आणि तरी बोलताना कोणाची फसगत होत नाही. स्टेशनरीच्या दुकानात जाऊन कोणी उभी गाडी मागत नाही. म्हणजे यादीतला बराचसा गोंधळ हाताचा आहे, डोक्याचा नाही. तो स्पेलिंगपुरता आहे आणि त्यासाठी एक तासाचे व्याख्यान खर्ची घालण्याचे कारण नाही.

चाळणीवर जे उरते ते मात्र खरे कठीण असते. उरलेल्या जोड्यांत दोन शब्दांचे अर्थच एकमेकांना खेटून उभे असतात. मराठी माणूस यात कुठे अडतो याला एक नियम सापडतो: जिथे मराठी एकाच शब्दावर काम भागवते तिथे तो इंग्रजीत हटकून घसरतो. उसने देणारा आणि उसने घेणारा या दोघांच्या मध्ये मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द असतो. म्हणून ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत आपली उलटापालट होते. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोन्हींना आपण ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळे होतो. परिणामी गल्लीतल्या पाण्याच्या टाकीचे उद्घाटनही ऐतिहासिक ठरते आणि पांडवलेण्यांतले शिलालेखही ऐतिहासिकच राहतात. उलट हेवा, मत्सर आणि असूया असे तीन शब्द हाताशी असलेल्या माणसाला ‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’ यांतला भेद समजावून घ्यायला वेळ लागू नये. आता एक जोडी जरा थांबून पाहू, कारण पुढचे सगळे प्रकरण तिच्यातून निघते. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. द्राक्षबागेच्या बांधावरून भांडण झाले तर पंच दुसऱ्या प्रकारचा हवा. पहिल्या प्रकारचा पंच दोन्ही बाजू ऐकता ऐकता पेंगेल. दोन्ही शब्दांच्या आधी नकार आहे आणि दोन्हींच्या मागे मूळ शब्द तोच आहे. तरीही नकाराचा प्रत्येक उपसर्ग सारखे काम करत नाही. एक नकार रिकामी जागा दाखवतो आणि दुसरा त्या जागी काहीतरी वेगळे आणून ठेवतो.

असे भेद कोशात पाहून ठरतात, असा समज आहे. तो मला पुरता पटत नाही. कोश शब्दाचा पत्ता सांगतो, पण दोन घरांमधली भिंत नेमकी कुठे आहे ते सांगत नाही. जिथे भिंत कुठे आहे यावरून कोणाला तरी काही सोसावे लागणार असते, तिथे ती मुद्दाम मोजून बांधावी लागते. फौजदारी कायद्याने हे काम काही ठिकाणी फार नेटके केले आहे. ‘थेफ्ट’, ‘रॉबरी’ आणि ‘डकॉयटी’ हे बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जाणारे शब्द आहेत. मराठीत त्यांना चोरी, जबरी चोरी आणि दरोडा म्हणतात. चोरी जबरी केव्हा होते, तर चोरी करण्यासाठी किंवा चोरीचा माल नेताना मारहाण केली, इजा केली अथवा तत्काळ इजेची धास्ती घातली म्हणजे. जबरी चोरीचा दरोडा केव्हा होतो, तर करणारे पाच किंवा अधिक असले म्हणजे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३९१ मध्ये हा आकडा होता आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही तो पाचच आहे. चौघांनी मिळून रात्री घर लुटले तरी कायद्याने तो दरोडा होत नाही, मग बातमीचा मथळा काहीही म्हणो. ‘डकॉयटी’ हा शब्द तर इंग्रजांनी आपल्याच ‘डाका’ आणि ‘डकैती’वरून उचलला आणि त्याला आकडा चिकटवून परत केला. आकडा होता म्हणून भिंत पक्की झाली. पण जिथे मोजायला आकडा नसतो आणि शब्द माणसाच्या मनातल्या भावनेचा असतो, तिथे काय होते?

तिथे लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी होते. दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम १२४ अ हे १८७० साली घातले गेले. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होते. १८६० च्या कायद्यातून गळले होते आणि दहा वर्षांनी परत आले. आपण त्याला राजद्रोहाचे कलम म्हणतो खरे, पण ‘सेडिशन’ हा शब्द कलमाच्या मजकुरात नव्हताच, तो समासात होता. मजकुराचा सगळा भार ‘डिसअफेक्शन’ या शब्दावर होता: सरकारविषयी लोकांत डिसअफेक्शनची भावना जो चेतवील तो गुन्हेगार. कायदा करणाऱ्यांना धोका दिसत होता, म्हणून त्यांनी खाली एक स्पष्टीकरण जोडले. त्याचा आशय असा की, सरकारच्या कृत्यांविषयी ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’ व्यक्त केले आणि ते सरकारच्या कायदेशीर अधिकाराचे पालन करण्याच्या वृत्तीशी सुसंगत असले, तर ते डिसअफेक्शन नव्हे. म्हणजे शालेय परिशिष्टात शोभावी अशी एक जोडी कायद्यानेच समोर ठेवली होती. पहिला शब्द वापरला तर तुरुंग आणि दुसरा वापरला तर संपादकाची खुर्ची. १८९१ साली कलकत्त्यात ‘बंगवासी’ पत्रावर या कलमाखाली खटला झाला. तेव्हा मुख्य न्यायाधीश पेथेराम यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, नावड किंवा द्वेष, आणि डिसअ‍ॅप्रोबेशन म्हणजे केवळ नापसंती. एखाद्याची मते किंवा वागणे नापसंत असूनही तो माणूस आपल्याला आवडू शकतो, असेही ते म्हणाले. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि खटला पुढे सोडून देण्यात आला.

१८९७ साल वेगळे होते. पुण्यात प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने लोक हैराण झाले होते. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबरात ‘केसरी’तल्या त्या मजकुराबद्दल मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांवर खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. ज्यूरीला समजावून देताना स्ट्रॅची यांनी डिसअफेक्शनची जी फोड केली ती भाषेच्या अभ्यासकाने चिमटीत धरून पाहावी अशी आहे. आधी ते म्हणाले की डिसअफेक्शन म्हणजे केवळ अफेक्शनचा अभाव. लगेच पुढे म्हणाले की त्याचा अर्थ द्वेष, शत्रुत्व, नावड, वैर, तिरस्कार आणि सरकारविषयीची सर्व प्रकारची दुर्भावना. पहिल्या वाक्यात त्यांनी भांडे रिकामे असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या वाक्यात ते विषाने भरलेले असल्याचे सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच शब्दाचा अर्थ म्हणून एकापाठोपाठ आल्या, आणि त्यांच्या मध्ये काही अंतर आहे याची जाणीव त्या मांडणीत दिसत नाही. भावना किती तीव्र आहे हे गुन्हा ठरवताना गैरलागू आहे आणि तिच्यामुळे दंगल झाली की नाही हेही गैरलागू आहे, असेही त्यांनी बजावले. म्हणजे मोजण्याचे सर्व मार्ग बंद केले. दरोड्याला पाचाचा आकडा होता, पण या गुन्ह्याला ना आकडा होता ना वजन.

हा घोळ आपल्या व्याकरणकारांना परका नाही. संस्कृतातल्या नकारार्थी ‘नञ्’चे सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. त्यातले अभाव आणि विरोध हे दोन आपल्या कामाचे. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. ‘अन्याय’ म्हणजे मात्र न्यायाचा नुसता अभाव नव्हे. रानातल्या दगडधोंड्यांत न्याय नसतो, म्हणून आपण तिथे अन्याय चालला आहे असे म्हणत नाही. कोणीतरी कोणाला तरी काहीतरी केले की मग तो अन्याय होतो. ‘अधर्म’ही तसाच. तोच ‘अ’ एकदा पोकळी दाखवतो आणि एकदा वार करतो. कोणता अर्थ घ्यायचा हे शब्दाकडे टक लावून कळत नाही. तो शब्द वाक्यात कोणते काम करतो ते पाहावे लागते. मराठीने तर हा भेद घराघरांत नांदवला आहे. कहाण्यांतल्या राजाला एक आवडती राणी असते आणि एक नावडती. नावडती ही राजाची वैरीण नसते. तिच्यावर राजाची प्रीती नसते, इतकेच. ‘नावडतीचे मीठ अळणी’ या म्हणीचे मर्मही तिथेच आहे: तिने काही वाईट केलेले नसते, पण जे करते त्याला चव लागत नाही. स्ट्रॅचींचे पहिले वाक्य शब्दशः घेतले तर ज्या रयतेला सरकार नावडते आहे ती सगळी रयत राजद्रोही ठरते, आणि परक्या सरकारचे मीठ अळणी लागते असे लिहिणारा संपादक तिला चेतवणारा ठरतो. गंमत अशी, की कायद्याच्या हिंदी भाषांतरात डिसअफेक्शनला ‘अप्रीति’ हा प्रतिशब्द आला आणि मराठी चर्चेतही ‘अप्रीती’च रुळला. वासाहतिक न्यायाधीशाचा अर्थ आपण देशी ‘अ’ लावून घरात घेतला, तोही बहुधा त्या ‘अ’चे सहा अर्थ न मोजता.

आणि तरीही हा घोळ उलगडता येत नव्हता असे नाही. तो त्याच वर्षी, त्याच न्यायालयात उलगडला गेला, आणि उलगडणारे आपल्या नाशिक जिल्ह्यात जन्मलेले होते. निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावरचा राजद्रोहाचा खटला अपिलात तिथे आला. टिळकांच्या खटल्यानंतर लगेचच हा प्रश्न पुन्हा उभा राहिला: डिसअफेक्शन म्हणजे काय? न्यायमूर्ती पार्सन्स यांनी सांगितले की हा शब्द इथे प्रेमाचा अभाव किंवा प्रेमाच्या उलट भावना या अर्थी नाही. तो राजकीय दुरावा, सत्तेचे न मानता तिला प्रतिकार करण्याकडे झुकणारी अनिष्ठा, या विशेष अर्थी आहे. रानडे यांनी आणखी नेमके म्हटले: डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा किंवा सदिच्छेचा नुसता अभाव नव्हे. ती अनिष्ठेच्या जवळ जाणारी, अधिकार झुगारणारी किंवा आतून लोकांची निष्ठा तोडू पाहणारी एक भावरूप तिटकाऱ्याची वृत्ती आहे. ‘भावरूप’ हा शब्द माझा, पण आशय त्यांचा. न्यायशास्त्रातली अभाव आणि भाव ही जोडी ज्याच्या कानावरून गेली आहे त्याला रानड्यांनी इंग्रजीत काय केले ते लगेच कळेल. हे रानडे टिळकांचे मित्र नव्हते. सार्वजनिक सभा आणि सामाजिक परिषद यांवरून पुण्यात दोन पक्षांचे जे रण माजले होते त्यात दोघे समोरासमोर होते. शिवाय ‘प्रतोद’च्या खटल्यात रानड्यांनी आरोपींना सोडूनही दिले नाही. यामुळेच त्यांच्या अर्थनिर्णयाचे मोल मला अधिक वाटते. निकाल काय द्यायचा ते आधी ठरवून त्यासाठी शब्द वाकवलेला नाही. शब्द आधी तपासला आणि निकाल नंतर दिला.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, शब्दांची ही चिरफाड व्यर्थ आहे. रँडच्या खुनानंतर सरकारला टिळक तुरुंगात हवे होते. स्ट्रॅचींनी डिसअफेक्शनचा अर्थ काहीही सांगितला असता तरी त्या सहा ज्यूररांनी हात वर केलाच असता. यातला पूर्वार्ध मान्य करायला माझी हरकत नाही. पण उत्तरार्ध मान्य केला तर पुढच्याच वर्षी जे झाले त्याचा उलगडा होत नाही. १८९८ साली सरकारने कलम १२४ अ दुरुस्त केले. ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द कलमात आणले. डिसअफेक्शनमध्ये अनिष्ठा आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण जोडले. डिसअ‍ॅप्रोबेशनचे स्पष्टीकरण एकाचे दोन केले. शब्दाला किंमत नसती तर विधिमंडळाने त्याच्यामागे एवढी कुमक का पाठवली असती? दुसरा आक्षेप स्ट्रॅचींच्या बाजूचा आहे: त्यांचे भाषण पूर्ण वाचा, नुसता अभाव त्यांना अभिप्रेत नव्हता, पुढच्याच वाक्यात त्यांनी द्वेष-वैर सांगितले आहे. हे खरे आहे. टिळकांसाठी एच. एच. अ‍ॅस्क्विथ प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिले आणि न्यायाधीशांनी ज्यूरीची दिशाभूल केली असे त्यांनी मांडले, तेव्हा १९ नोव्हेंबर १८९७ रोजी अपिलाची परवानगी नाकारलीच गेली. पण ज्यूरर पूर्ण भाषण समोर ठेवून वाचत नाही, तो ते एकदा ऐकतो. ‘केवळ अभाव’ ही व्याख्या आधी कानावर पडली की पुढच्या यादीतले शब्द त्या व्याख्येची उदाहरणे वाटू लागतात. आणि तीव्रता गैरलागू म्हटल्यावर यादीतल्या सर्वांत सौम्य शब्दावर, नुसत्या नावडीवरही, दोष सिद्ध करता येतो. याच अ‍ॅस्क्विथांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो: १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला झाला तेव्हा ते इंग्लंडचे पंतप्रधान होते.

त्या दुसऱ्या खटल्यात शब्दांचा प्रश्न आणखी एका अंगाने आला. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख मराठी होते. आरोप ठेवला गेला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे बसलेल्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मूळ लेख वाचून ठरवण्याइतकी मराठी त्यांना येत नव्हती. टिळकांनी स्वतः बचाव केला. त्यांचे भाषण २१ तास १० मिनिटे चालले आणि त्यातला बराच भाग भाषांतराने मूळ शब्दांचा भार कसा वाढवला हे दाखवण्यात गेला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली. हे काम किती अवघड होते याचा अंदाज एका साध्या उदाहरणाने येतो. मराठीत खून, हत्या आणि वध हे तीन शब्द आहेत. अफझलखानाचा ‘खून’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ‘वध’ म्हणताना मारण्याची क्रिया सांगितली जाते आणि शिवाय मारणाऱ्याच्या बाजूने एक निवाडाही दिला जातो. हा शब्द इंग्रजीत नेणाऱ्याने ‘किलिंग’ लिहिले तर निवाडा गळतो आणि ‘मर्डर’ लिहिले तर उलटा होतो. मराठी कायद्याच्या भाषेने मात्र पुढे ‘मर्डर’ला खून आणि ‘कल्पेबल होमिसाइड’ला सदोष मनुष्यवध अशी वाटणी केली. वधातला निवाडा काढून घेण्यासाठी त्याला ‘सदोष’ हे विशेषण जोडावे लागले. ज्या भाषांतरावर माणसाची सहा वर्षे अवलंबून होती त्यात असे किती निवाडे गळले आणि किती उलटले, हे त्या नऊ जणांना कळण्याची सोयच नव्हती. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोष सिद्ध झाला. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली.

नाशिकच्या श्रोत्यांना १९०९ सालची आठवण करून द्यायला हवी. गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर यांना ‘लघु अभिनव भारतमाला’ या पुस्तिकेतल्या कवितांसाठी ८ जूनला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आरोप दोन होते: कलम १२४ अ, आणि कलम १२१, म्हणजे सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारणे व अशा युद्धाला चिथावणी देणे. अपिलात न्यायमूर्ती चंदावरकर होते आणि त्यांना मराठी येत होती. देवांची आणि शिवाजीची नावे हे निमित्त आहे, आतला उपदेश तलवार उचलून सरकार उलथण्याचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या ठिकाणी भाषांतराला दोष देता येत नाही, आणि त्या कविता निरुपद्रवी होत्या असा आव आणणे हा बाबारावांचाच अपमान होईल. न्यायालयाने शब्दांचा अर्थ बरोबर लावला. माझी तक्रार दुसऱ्याच भिंतीबद्दल आहे. युद्धाचे गाणे रचणे आणि युद्ध पुकारणे या दोहोंत जे अंतर आहे ते ‘चिथावणी’ या मधल्या शब्दाने इतके भरून टाकले गेले, की पुस्तिका छापणाऱ्याला आणि सैन्य उभारणाऱ्याला एकाच मापाची शिक्षा देता आली.

या सगळ्यावर एक उत्तर महात्मा गांधींनी दिले. ते व्याकरणाच्या दृष्टीने फार मजेदार आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला आणि सांगितले की प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही की कायद्याने तिचे नियमन करता येत नाही. टिळकांचे वकील उपसर्गाशी झगडत होते. गांधींनी उपसर्ग सोडून दिला आणि मूळ शब्दालाच हात घातला. मराठी भाषेने मात्र या लढाईत एक तिसरा डाव खेळला आणि त्याची नोंद कोणत्याही न्यायालयात नाही. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक लिहून टिळकांना हिंदुस्थानातल्या ‘अनरेस्ट’चे जनक ठरवले. ती शिवी होती. टिळकांनी लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते हरले. पण मराठीत ती पदवी ‘असंतोषाचे जनक’ म्हणून आली. ‘अनरेस्ट’ म्हणजे अशांतता, घडी विस्कटणे. ‘अशांततेचे जनक’ म्हटले असते तर चिरोल जिंकले असते. ‘असंतोष’ला मात्र कारण असते, तो कोणावर तरी आणि कशाबद्दल तरी असतो, आणि संतोष देणे ज्याचे कर्तव्य होते त्याच्याकडे तो बोट दाखवतो. अशांततेचा दोष अशांत होणाऱ्याकडे जातो आणि असंतोषाचा दोष राज्यकर्त्याकडे. एका प्रतिशब्दाने आरोपी बदलला. लंडनमध्ये हरलेला दावा मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तकात जिंकला गेला.

इथे भाषाशास्त्राचा जाणकार हात वर करील. तो म्हणेल, शब्दांचे अर्थ वापराने ठरतात आणि वापर बदलतो. ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्दच सतराव्या शतकात ‘रस नसलेला’ या अर्थी वापरला जात होता आणि आज पुन्हा तिकडे सरकतो आहे. मग भेद जपण्याचा अट्टहास हा शिक्षकी सोवळेपणा नव्हे का? शब्द बदलू नयेत असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे भेदाविषयी आहे. एखादा शब्द आपली जागा सोडून गेला तर त्या जागी दुसरा यावा, जागा मात्र बुजू नये. दोन शब्दांच्या मधली जागा खरी आहे की नाही याची एक कसोटी मी सुचवतो: पहिला शब्द लागू पडतो आणि दुसरा पडत नाही, असा एक तरी माणूस दाखवता आला पाहिजे. सरकारचे धोरण ज्याला मान्य नाही पण कायदा जो पाळतो तो नागरिक डिसअ‍ॅप्रोबेशन आणि डिसअफेक्शन यांच्या मधोमध उभा आहे. शब्द एक झाले की त्याला उभे राहायला जागा उरत नाही. याच कसोटीमुळे भाषाशुद्धीच्या चळवळीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले आणि ते रुळलेही. एका परक्या शब्दाला एक स्वकीय शब्द, असा तो व्यवहार होता. तो उपयोगाचा आहे, पण अपुरा आहे. परक्या भाषेतल्या जोडीला आपल्याकडे जोडीच द्यावी लागते. एकट्या शब्दाचे भाषांतर नीट झाले आणि त्याचा शेजारी बिनभाषांतराचा राहिला, तर मधली भिंत उभीच राहत नाही.

आज मराठी वृत्तपत्रे ‘राजद्रोह’ आणि ‘देशद्रोह’ एकाच बातमीत आलटून पालटून लिहितात, ते या अपुरेपणाचे फळ आहे. राजद्रोह हा शब्द राजा होता तेव्हाचा. राजा गेला तशी त्याच्या जागी सरकार आले. देशद्रोहात सरकारचा संबंध नाही. सरकारचा कडवा विरोधक देशाचा द्रोही नसतो आणि देश विकणारा माणूस सरकारचा लाडका असू शकतो. माझ्या कसोटीला ही जोडी पुरेपूर उतरते, इतकी माणसे दोन्ही बाजूंना दाखवता येतील. कायद्यानेही हा भेद सरळ रेषेत सांभाळला नाही. १९४८ साली संविधान सभेत कन्हैयालाल मुन्शी यांनी भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांतून ‘सेडिशन’ हा शब्द काढून टाकण्याची दुरुस्ती मांडली आणि तो शब्द गेला. पण दंडसंहितेतले कलम तसेच राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात टिळकांच्या खटल्यातल्या अर्थालाच पुन्हा मान्यता दिली होती. १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवले, मात्र हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू अथवा प्रवृत्ती असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. म्हणजे पासष्ट वर्षांनी स्ट्रॅचींचा अभाव मागे पडला आणि रानड्यांच्या दिशेने पाऊल पडले. ११ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

या नव्या संहितेचे कलम १५२ हातात घेऊन वाचा, अशी विनंती आहे. त्यात राजद्रोह नाही. सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याची भाषा आहे. फुटून निघणे, सशस्त्र बंड आणि विध्वंसक कारवाया हे शब्द आहेत, आणि फुटीर कारवायांच्या ‘भावनांना’ प्रोत्साहन देणे असाही एक शब्दप्रयोग आहे. कारवाया ही करण्याची गोष्ट आणि भावना ही मनातली. त्या दोन्हींची अशी मोट बांधणाऱ्या वाक्याने पुढच्या पिढीच्या वकिलांना पुरेसे काम दिले आहे. १८७० साली कलमात शिरलेला आणि टिळकांना एकदा दीड व एकदा सहा वर्षे भोवलेला ‘डिसअफेक्शन’ या कलमात कुठेही नाही. त्याचा जोडीदार ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’ मात्र खालच्या स्पष्टीकरणात अजून जागेवर आहे.